वेल्डरची साक्ष

दिवसभर दुकानात खिडक्यांचे गज जोडणारा हा वेल्डर संध्याकाळी हातपाय घासून उपदेशाला उभा राहिला, की चर्चमध्ये कुणी खोकतही नसे. "लोखंड वितळवतो तो, आपण तर मेणाचे!" मंडळीतल्या बाया हसून म्हणायच्या. मंडळीची श्रद्धा जागवणाऱ्या वार्षिक संजीवन सभा ठरवताना पाळकसाहेब आधी त्यालाच विचारत.

देवाच्या अनुभवाची त्याची एक साक्ष सगळ्यांना पाठ होती. आईमागं त्याला वाढवणारी थोरली ताई गेली, तेव्हा तो तिचा हात धरून बसला होता. तिनं डोळे उघडले, "तो आलाय रे," म्हणाली आणि खोली देवाच्या समक्षतेनं भरून गेली. इथं तो थांबायचा. मग हळू आवाजात म्हणायचा, "तीच समक्षता आत्ता या छपराखाली आहे." हुंदके फुटत. लोक गुडघे टेकत.

त्या वर्षी सभेच्या पहिल्या संध्याकाळी मागच्या बाकावर त्याचे भावोजी होते. ताई गेल्यापासून ते लेकीकडे दुसऱ्या गावी राहत. सभा संपल्यावर पायऱ्यांवर त्यानं त्यांना गाठलं.

"भावोजी, कधी आलात? कळवायचं तरी!"

"हात मी धरला होता," ते म्हणाले. "आणि ती तसलं काही बोलली नाही. 'आला का तो, दारात बघा ना,' एवढंच म्हणत होती. निरोप पोचला होता तुला. तू सभेला गेलास."

"लोकांचं भलं होतं हो त्या साक्षीनं..."

"होत असेल. देवाला यायचं तर तो येईल. त्यासाठी माझ्या बायकोच्या तोंडी शब्द कशाला घालतोस?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सुरुवातीला तो नुसतं 'ताई शांतपणे गेली' म्हणायचा. मग सभेगणिक तो स्वतः त्या खोलीत शिरत गेला, आणि एक दिवस हातही हातात आला.

दुसऱ्या संध्याकाळी त्यानं उभं राहून सांगितलं, "मी तिथं नव्हतो. ताई माझी वाट बघत गेली. बाकीचं मी रचलं." कुणी रडलं नाही. पुढच्या बाकावरची शिवणकाम करणारी बाई उठली. पूर्वी ती साक्ष ऐकली, त्याच रात्री तिनं सख्ख्या बहिणीशी धरलेला अबोला सोडला होता.

"मग त्या रात्री मला जाणवलं, ते कोण होतं?"

"माहीत नाही, वहिनी. मला वाटायचं, मीच आणतो त्याला."

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं.

त्यानंतर त्यानं उपदेश केला नाही. रविवारी तो भिंतीकडेला बसतो. शिवणकामवाली त्याच्याशी बोलत नाही. पण प्रार्थनेला पूर्वीसारखीच डोळे मिटून, चेहरा उजळून बसते. तिच्याकडे नजर गेली की त्याची मान खाली जाते.

भावोजींना त्यानं फोन केला. ते गुडघेदुखीबद्दल बोलले, नातवाबद्दल बोलले. ताईचा विषय त्यांनी काढला नाही, आणि त्याचीही जीभ रेटली नाही.