वरच्या मजल्यावरचं माझ्या नावावर

आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी आमचीच भातखाचरं होती. आता पहिल्या मजल्यावर मी राहते, माझ्या डोक्यावर धाकटी जाऊ. गाव डोंबिवलीत कधी मिसळलं ते कळलंसुद्धा नाही. शाळा माझी सातवीपर्यंत. पण कॉम्प्युटर माझा मी शिकले, बटणं दाबून दाबून. चुकलं तर चुकलं, तो काही छडी घेऊन उभा नसतो.

माझ्या सासूबाई धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात विधीविधीला जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. सासूबाईंना पार कल्याणच्या पलीकडून बोलावणी यायची. त्यांच्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर चढवल्या आणि त्यापायी एका गटात शिरले. जुने धवले जपणारी माणसं आहेत त्यात. गाणी एका जागी ठेवलेली नसतात. ज्याच्या घरी गाणं आहे त्याने सॉफ्टवेअर चालू ठेवायचं, ज्याला हवं त्याने तिथून उचलायचं. नियम एकच, आधी द्या, मग घ्या. कोणी किती दिलं तो आकडा गटाच्या पानावर नावापुढे दिसतो. गट सांभाळतात कल्याणचे एक रिटायर मास्तर. बोलायला गोड, नियमाला कडक.

जावेला मीच यात ओढलं. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि हळदीला स्वतःच्या माहेरचे धवले म्हणायचे असं तिने मनात धरलं होतं. माहेरी म्हणणारी आता कोणी उरली नाही. पण गटात कुणीतरी तिच्याच गावचे धवले ठेवलेले मला दिसले.

"वयनी, मना ते शिकाचे हान," ती म्हणाली. बास. मी तिचं नाव घातलं.

आता घ्यायचं तर आधी द्यायला हवं. म्हटलं, सासूबाईंचे धवले तूही वाट. गाणी आणि प्रत्येक गाण्याची ती छोटी फाईल, जी सॉफ्टवेअरला सांगते की कुठलं गाणं आणि हिशेब कुठे कळवायचा, असं सगळं पेनड्राईव्हमध्ये भरून तिच्या हातात ठेवलं. छोटी फाईल खरं तर जिची तिने पानावरून आणायची. पण विरजणासाठी वाटी घेऊन आलेल्या बाईला कोणी डेअरीत पाठवतं का? होतं ते दिलं.

तीन आठवडे झाले. तिचा आकडा शून्य. माझा मात्र असा फुगला की यादीत माझं नाव पहिलं. मास्तरांनी मला शाबासकी लिहिली आणि त्याच दिवशी जावेला लिहिलं की आठ दिवसांत ठरलेल्याइतकं दिलं नाहीत तर नाव काढावं लागेल.

ती फोन घेऊनच खाली आली. "दिसभर मशीन चालू हाय माजी. मी पंखा बंद करते, पन मशीन नाय!"

"सॉफ्टवेअर मधेच बंद पडत असेल गो."

"तुमचं बरं नाय पडत? मास्तर निसती तुमची आरती कराचे बाकी हान."

लागलं मला. पण चूक काय होती तिची?

मी वर गेले. आधी घड्याळ बघितलं. तिच्या कॉम्प्युटरची तारीख दोन वर्षं मागे होती. म्हटलं, सापडलं! तारीख सुधारली, चार दिवस वाट बघितली, शून्य जागचं हललं नाही. मग सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. त्यात तिच्या मशीनने स्वतःपुरता मोजून ठेवलेला आकडासुद्धा न बघताच पुसला गेला आणि मी आणखी चार शब्द ऐकले. पण नव्याने टाकल्यावर बसून बघितलं, तर तिच्या पडद्यावर गाणी जाताना दिसत होती. माल बाहेर पडत होता, पानावर त्याची नोंद नव्हती.

मास्तरांना फोन लावला.

"अहो ताई, आकडा मी हाताने लिहीत नाही. सॉफ्टवेअर येऊन जे सांगतं ते पान लिहून घेतं."

"मग हिचं येऊन सांगतच नसेल का?"

"गाणी जातायत ना? मग सांगत असणारच. सांगितलेलं कुणाच्या तरी नावावर पडतंच."

ते वाक्य डोक्यात राहिलं, पण अर्थ लागेना.

दुसऱ्या दिवशी मला ठाण्याला जायचं होतं, कोपरीला, बहिणीकडे. मी घराबाहेर पडताना सगळ्या बोर्डांची बटणं बंद करते, कॉम्प्युटरचंही. संध्याकाळी आले, चपला काढल्या आणि आधी पान उघडलं. माझा आकडा सकाळपेक्षा वाढलेला! कुलूपबंद घरातून भाकऱ्या वाटल्या कोणी?

मग गटाचे नियम काढले. सामील होताना ते कोण वाचतं, 'मान्य' दाबलं की झालं. सहाव्या की सातव्या नियमात स्पष्ट लिहिलेलं: छोटी फाईल दुसऱ्याला देऊ नये, जो ती पानावरून घेतो त्याची खूण तिच्यात असते. म्हणजे जाऊ दिवसभर पंखा बंद करून देत होती आणि तिचं सॉफ्टवेअर पानाला जाऊन माझं नाव सांगत होतं. विरजण माझं, दूध तिचं, आणि दही सगळं माझ्या ताटात.

खरं सांगते, लगेच जिना चढले नाही. पहिला नंबर बघायला बरा वाटायचा. हळदीकुंकवाला दोघीतिघींना दाखवलासुद्धा होता. चहा टाकला, प्याले, कप विसळून पालथा घातला. मग चढले.

सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे आरती माजी होती!" आणि अशी हसली की आतून तिची लेक बघायला आली.

तिच्या नावाने पानावरून नवीन छोट्या फायली घेतल्या, माझ्या काढून टाकल्या. अर्ध्या तासाने तिच्या नावापुढे आकडा उगवला. इवलासा, पण तिचा. मुदतीचे दोन दिवस राहिलेले, त्यात तो पुरणारा नव्हता. परत मास्तर.

"चूक माझी आहे मास्तर. माझ्या नावावरचं काढा आणि तिला द्या."

"करता येईल. पण तुमचा पहिला नंबर जाईल बरं का."

"जाऊ दे."

"आणि त्यांचं नक्की किती, ते कसं कळायचं?"

आता आली का पंचाईत! तिच्या मशीनवरचा आकडा मीच पुसला होता. मग सुचलं. माझं पुसलं नव्हतं ना. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये मी खरोखर दिलेला आकडा तसाच होता. म्हटलं, "तेवढा मला ठेवा. बाकी सगळं वरच्या मजल्यावरचं."

मास्तरांनी तसं केलं. माझं नाव यादीत इतकं खाली गेलं की बोटाने सरकवत सरकवत शोधावं लागलं. जावेचं नाव राहिलं, आणि त्याच दुपारी तिच्या माहेरचे धवले तिच्या कॉम्प्युटरवर उतरले.

त्यानंतर रोज जेवणं आटोपली की वरून तिचा आवाज यायचा. एका ठिकाणी दर वेळी चाल चुकायची, ती थांबायची, पुन्हा पहिल्यापासून धरायची. मी खाली तांदूळ निवडत बसलेली असायचे. ती जागा आली की माझाही हात थांबायचा. हळदीच्या आदल्या दुपारी ती चाल सरळ पुढे गेली. मी वर बघितलं, आणि छतालाच म्हटलं, "आली गो!"