सर्व धर्मांची एक खोली

आमच्या डिपार्टमेंटला विद्यार्थी मिळत नाहीत, किस्से मात्र मागाल तेवढे! विषय ‘जागतिक धर्म आणि संस्कृती’. एक खोली, तिला जोडून सरांची केबिन. देशमुख सर विभागप्रमुख, सलीमभाई शिपाई आणि मी तासिका तत्त्वावरची मॅडम. दरवर्षी जून आला की एकच धास्ती, विद्यार्थी नाहीत म्हणून यंदा विभाग बंद करतात की काय! सरांची पेन्शन पक्की होती. माझं काय, हे विचारायचाही मला कंटाळा आला होता.

*

सोयगावचा बबन अ‍ॅडमिशनला आला तेव्हा त्याचे वडील बरोबर होते.

“मॅडम, इथं कोणचा धर्म शिकवता?”

“सगळेच.”

त्यांनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. मला वाटलं, गेली ही अ‍ॅडमिशन. शेवटी घसा खाकरून म्हणाले, “मंग पोळ्याला तरी पोरगं घरी येईल ना? का बैल म्या एकट्यानंच धुवायचे?”

येईल म्हणून शब्द दिला, तेव्हा कुठं त्यांनी सही केली.

*

वर्गात मोजून चार टाळकी. तीही सुट्टीच्या बाबतीत भलतीच अभ्यासू! एकदा पाचोडची नसरीन सगळ्यांच्या वतीनं सरांपुढं उभी राहिली.

“सर, उद्या पारशी लोकांचं नवीन वर्ष आहे. सुट्टी पाहिजे.”

सर वैतागले. “अगं, या वर्गात पारशी आहे का कुणी?”

“नाही सर. पण पेपरात त्यांच्या प्रश्नाला मार्क तर तेवढेच असतात ना!”

सरांनी सुट्टी दिली. वाद घालायला अंगात जोर लागतो, तो आमच्या दोघांतही उरला नव्हता.

*

तोंडी परीक्षेला बाहेरून एक विद्वान परीक्षक आले होते. त्यांनी बबनला विचारलं, “मृत्यूनंतर काय होतं, याविषयी कोणत्याही दोन परंपरांची तुलना करा.”

बबन ताठ बसला. “सर, आमच्याकडं तेराव्याला बुंदी असते. नसरीनच्या गल्लीत चाळिसाव्याला पुलाव. पंगत दोन्हीकडं लई मोठी बसती.”

“अहो, पण आत्म्याचं काय?”

“तो जेवायला नसतो, सर!”

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि त्याला पास केलं. मला हसू आलं नाही. चारांतला हा एक गळाला असता तर पुढच्या वर्गात उरले असते तिघंच!

*

आणि मग ती समिती आली. विभाग ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला.

पाहुण्यांना खायला काय द्यायचं, यावर सरांनी आठवडाभर डोकं शिणवलं. एकांना कांदा-लसूण वर्ज्य, दुसऱ्यांना बटाटा चालत नाही, तिसऱ्यांचा नेमका त्याच दिवशी उपवास. ‘आहार आणि निषेध’ हा पेपर सरांनी उभा जन्म शिकवलेला. सगळे धर्म तपासून त्यांनी निकाल दिला, “केळी! जगात कुणाचीच हरकत नाही.”

सलीमभाईंनी शहागंजच्या बाजारातून चांगली पिवळीधमक केळी आणली. अध्यक्षांनी ताट हळूच बाजूला सारलं. “मला शुगर आहे हो.”

सर माझ्या कानात म्हणाले, “हा धर्म सिलॅबसमध्ये नव्हता!”

महिनाभरात निरोप आला. विभाग बंद. खोलीत कॉम्प्युटर लॅब होणार. त्या दिवशी मी घरी जाऊन दुपारभर नुसती पडून राहिले.

*

खोली रिकामी करून घ्यायला मुख्य कार्यालयातून एक बडे साहेब आले. आवाज खणखणीत, पायात चकचकीत बूट. “दुपारपर्यंत सगळी रद्दी बाहेर!”

आता आमच्याकडची रद्दी म्हणजे काय, तर जुने, वाळवी लागलेले धर्मग्रंथ. घरातली फाटकी पोथी रद्दीवाल्याला द्यायचा धीर कुणाला होत नाही. मग लोक ती आमच्या व्हरांड्यात आणून ठेवत. “तुमच्याकडं सगळंच चालतंय ना!” म्हणत. अशी दोन कपाटं भरली होती.

सलीमभाई म्हणाले, “साहब, ये रद्दी में नहीं जाता. पोथी नदीला सोडतात, हमारे में दफनाते हैं.”

“मग ज्याचं त्याच्या रीतीनं करा! पण आज करा!”

आम्ही निवडायला बसलो. हे गोदावरीला, हे कब्रस्तानात, हे गुरुद्वारात, हे चर्चच्या फादरना. तळाशी काळ्या पुठ्ठ्याचं एक लहानसं पुस्तक निघालं.

“हे कुणाचं?” साहेबांनी विचारलं.

“यहुद्यांचं,” सर म्हणाले. “प्रार्थनेचं आहे.”

“इथं कुठं असतात ते?”

“माझ्या माहितीत तर कुणी नाही.”

“मग प्रश्नच मिटला. टाका पोत्यात!”

सलीमभाईंनी पोतं उघडून धरलं. सर हलले नाहीत. मीही हलले नाही. बबन आणि नसरीन मदतीला आले होते, ते भिंतीकडं बघत राहिले.

“अहो, टाका ना!” म्हणत साहेबांनी स्वतःच पुस्तक उचललं. हात पोत्यावर नेला. आणि तो तिथंच थांबला.



साहेब तसेच मागं फिरले. पुस्तक एका हातात धरून त्यांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले. मोज्यांनी आत आले, पुस्तक कपाटात ठेवलं आणि फळीवरची धूळ रुमालानं झटकली.

“लॅबचं मी दुसरीकडं बघतो,” ते सरांना म्हणाले. “ही खोली उघडी ठेवा. कुणी मागायला आलं तर?”