कण्हेरीचं बी

आमच्या शेजारणीनं दारची पिवळी कण्हेर लेकरासारखी वाढवल्ती. सोमवारी महादेवाच्या फुलांना अख्खं हसनाबाद तिच्या दारी. अन् नातू रांगायला लागला, तसं एक दिवस त्याच्या मुठीत कण्हेरीचं बी सापडलं. विषारीच की हो ते! तोंडात गेलं नव्हतं, नशीब. हिनं त्याच दिवशी झाड मुळासकट खांदून काढलं. तरी रोज सकाळी पिठाची चाळणी घेऊन अंगणातली माती चाळत बसती.

"अगं, झाड गेलं ना? बस कर की आता," मी म्हणलं.

"झाड गेलं, अक्का. बी न्हाई गेलं. एखादं राह्यलं असंल तं?"

मी हसले. काल माझ्याच कुंपणापाशी कण्हेरीचं रोप दिसलं. तिला न सांगता उपटलं, मंग घरात जाऊन चाळणी घेऊन आले.