तीन पोरं आणि शेवटचं कडवं

ती गौळण मी पहिल्यांदा ऐकली ती मळवलीच्या उत्सवात, लग्नाच्या पहिल्या वर्षी. ऐकली म्हणायचं आपलं. तीन कडवी झाली आणि आमच्या ह्यांनी लांबूनच घड्याळाची खूण केली. गाडी चुकेल म्हणे. रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाला गाडी चुकण्याची जेवढी धास्ती असते तेवढी इतर कुणाला नसते. मी उठले. स्टेशनावर येऊन बघतो तो गाडी अर्धा तास उशिरा. तो अर्धा तास मी बाकावर ह्यांच्याकडे पाठ करून बसले.

तिकोणा पेठेचे एक बाबा ती गायचे. शेतकरी माणूस, अंगात बंडी, डोक्याला जुनं मुंडासं, पण गळा असा की समोरचा माणूस हातातला पानाचा विडा तोंडात घालायचा विसरावा. गौळण त्यांनी स्वतःच रचलेली, त्यामुळे दुसरं कुणी ती गात नसे. गौळणी यशोदेकडे गाऱ्हाणं घेऊन येतात. पहिल्या कडव्यात घागर फुटते, दुसऱ्यात लोणी जातं, तिसऱ्यात वासरं सोडून दिली जातात. पुढे यशोदा काय म्हणते, ते चौथ्या कडव्यात. शेवटचं कडवं ते. मला तेच हवं होतं. शब्द कुणाला विचारून कळले असते, पण मला शब्द नको होते, त्या गळ्यातून येणारं उत्तर हवं होतं.

त्यानंतर मुलं झाली. थोरली मांडीवर असताना आमच्या चाळीच्या गणपतीत बाबांना मुद्दाम बोलावलं होतं. वासरं सुटली आणि थोरलीनं असा टाहो फोडला की बाबांनीच हातानं खूण केली, "बाई, लेकराकडं बघा." पुढे मधला झाला. त्याला घेऊन मी थेट तिकोणा पेठेला गेले, बाबांच्या गावी. तिथे त्यानं आधीच दोन मुठी शेंगदाणे आणि वर गार पाणी रिचवलं होतं. दुसऱ्याच कडव्याला मला त्याला उचलून शेताच्या बांधाकडे पळावं लागलं. बांधावरून बाबांचा आवाज येत होता, पण वारा उलटा. माझं लेकरू मोकळं होऊन हसत होतं आणि मी रडकुंडीला आले होते.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला. गाण्याला जायचंच, पण कुठल्या गाण्याला जायचं ते मुलांकडे बघून ठरवायचं. चाळीतल्या बायका मला हसत. मुलीला स्थळ बघावं तशी मी उत्सवांची चौकशी करत असे. विहिरीला कठडा आहे का? बसायला सतरंजी की उघडी फरशी? बायकांची बाजू दाराजवळ की गाभाऱ्याजवळ? ढोल-ताशा असला तर नाव काढायचं नाही, कारण धाकटी ढोल ऐकला की निळी पडेपर्यंत रडायची. शेजारच्या खालांनी उरुसाला चल म्हणून किती आग्रह केला. पण त्या स्वतःच म्हणायच्या, "पोरं झोपली की कव्वाली सुरू होते आणि कव्वाली सुरू झाली की पोरं उठतात. माझा नेम तोच, तुझाही तोच होईल." रात्रीचं सगळं असं बाद झालं. गणपतीतले मेळे बाद झाले, कारण त्यातल्या रंगवलेल्या तोंडाच्या पोरांना आमचा मधला भ्यायचा. दुपारचं प्रवचन मी थोडे दिवस धरलं, पण त्यात गाणं चिमूटभर आणि उपदेश पायलीभर.

उरलं ते काल्याचं कीर्तन. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, सकाळच्या उन्हात सुरू होणारं, दुपारी दहीहंडी फोडून संपणारं. मुलांना त्यात काय नाही? कृष्णाच्या खोड्या आहेत, वर टांगलेली हंडी आहे, आणि शेवटी लाह्या-दह्याचा काला हातावर मिळतो. काल्याला गौळण होतेच. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि ज्यांना गाण्याचं वेड आहे, त्यांना मी आजही हेच सांगते.

त्या माघात वडिवळ्याहून ह्यांच्या मावशीचा निरोप आला. त्यांच्या गावच्या सप्ताहाच्या काल्याला पेठेचे बाबा येणार होते. निरोप आणणाऱ्यानं वर हेही सांगितलं की बाबांना आता दम लागतो, पुढल्या वर्षी उभे राहतील की नाही कुणास ठाऊक. थोरली साडेसहा वर्षांची, मधला चार, धाकटी आठ महिन्यांची. ह्यांची ड्युटी होती. मी म्हटलं, एकटी जाते.

तयारी मी आठवडाभर केली. शेंगदाणे नाहीत. दूध वेगळ्या तांब्यात. आणि माझं खास हत्यार म्हणजे कणकेचा गोळा. चांगली घट्ट मळलेली गव्हाची कणीक, ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात. घरी स्वयंपाक करताना मी मुलांच्या हाती गोळा दिला की तासभर चिमण्या, साप आणि बैल तयार होत असत. तेवढ्या तासात कितीही लांबलेली गौळण आटपली असती.

सकाळच्या पॅसेंजरनं कामशेतला उतरलो. मावशींनी बैलगाडी पाठवली होती. भात निघून गेलेली खाचरं मोकळी पडली होती आणि मधला प्रत्येक खाचराला "हे कुणाचं?" असं विचारत होता. गाडीवान बिचारा प्रत्येकाचं नाव सांगत होता. देवळापुढे जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, खाली भाताचा जाड पेंढा अंथरलेला. मूल पडलं तरी लागणार नाही. विहीर लांब. मी मनातल्या मनात गावाला पैकीच्या पैकी गुण दिले आणि बायकांच्या बाजूला, कडेला, जागा धरली.

पण मावशींचं तोंड उतरलेलं होतं. पखवाजाच्या डाव्या अंगाला कीर्तनाआधी ताजी कणीक थापावी लागते, त्याशिवाय त्याचा घुमारा निघत नाही. वडिवळ्यात ही कणीक देण्याचा मान दर वर्षी वेगळ्या घराकडे असे. त्या वर्षी मावशींची पाळी होती. भाताचा मुलूख, घरोघरी तांदूळ, गहू कुणाकडे असणार? मावशींनी कामशेतच्या बाजारातून मुद्दाम मूठभर पीठ आणवून, सोवळ्यात मळून, देवळाच्या पायरीवर झाकून ठेवलं होतं. ते शेळीनं खाल्लं.

"आता गं काय करू?" मावशी मला म्हणाल्या. "समद्या गावापुढं नाक कापलं गेलं बग माजं."

मग त्या धावत घरी गेल्या आणि तांदळाच्या पिठीची उकड काढून घेऊन आल्या. भाकरीची सवय असलेला हात, त्यांना वाटलं चिकटेल. पखवाजवाले आबा म्हणाले, "न्हाई टिकायची मावशे," तरी मावशींचा मान म्हणून त्यांनी ती थापली. दोन थापा मारल्या. तिसऱ्या थापेला सगळी पिठी भुगा होऊन आबांच्या धोतरावर सांडली. मांडवात हशा पिकला. पेठेचे बाबा वीणेकऱ्याशेजारी उभे होते, तेही हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला.

आता खरं सांगते. माझ्या मांडीखाली पितळी डबा होता आणि मी त्यावर अजून घट्ट बसले. मी स्वतःशी म्हटलं, कुणी तरी घोड्यावर कामशेतला जाईल, तासाभरात पीठ आणील. माझ्या डब्याकडे कुणाचं लक्ष नाही. ही कणीक गेली तर मुलं गेली, मुलं गेली तर गौळण गेली, आणि ह्या वेळी गेली तर कायमची. असा विचार करताना मावशींकडे बघवत नव्हतं, म्हणून मी मांडवाच्या डहाळ्यांकडे बघत बसले.

आणि आमची थोरली उठून उभी राहिली. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्याकडे आहे की कणीक! आई त्याच्यावरच बसलीय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बायका हसायला लागल्या. मी उठून डबा काढला. त्यात निम्मी कणीक, बाकीच्या निम्मीचा मधल्यानं गाडीतच बैल केला होता, तुरीच्या डाळीचे डोळे लावून. पखवाजाला सगळी लागणार होती. बैल मागितल्यावर त्यानं तो छातीशी धरला आणि भोकाड पसरलं. झालं, मी म्हटलं, घागर फुटायच्या आधीच उठावं लागणार.

पखवाजवाले आबा स्वतः उठून आमच्यापाशी आले. उकिडवे बसले. "पाटील, ह्यो बैल लय ताकदीचा दिसतोय," ते मधल्याला म्हणाले. "गोठा हाय का त्येला?"

मधल्यानं नकारार्थी मान हलवली.

"मंग माज्या पखवाजात बांदू. तू हितं माज्याम्होरं बस आन् राखण कर. डरकाळी फोडंल बग."

मधल्यानं थोडा विचार केला आणि बैल आबांच्या हातावर ठेवला. आबांनी त्याच्यासमोरच तो डब्यातल्या कणकेत मळला, पाण्याचा हात लावला, डाव्या अंगावर थापला आणि एक थाप दिली. घुम्म असा आवाज उठला. मधला दचकून मागं सरला आणि मग असा हसला की त्याचे सगळे दात दिसले. त्यानंतर तो तिथून हलला नाही. पुरुषांच्या बाजूला, पखवाजाच्या पुढ्यात, मांडी घालून, आपल्या बैलावर डोळे लावून बसला. थोरली त्याच्या राखणीची राखण करायला गेली, शिवाय कुणी तरी तिच्या हातात टाळ दिले. मावशींनी माझ्या कडेवरची धाकटी काढून घेतली. "दे ती मला. आंब्याखाली निजवते. तू आयक," म्हणाल्या. मला वाटतं, मी डब्यावर बसले होते हे त्यांनी त्या क्षणीच माफ केलं. मी मात्र स्वतःला इतक्या लवकर माफ केलं नाही.

कीर्तन रंगलं. उन्हाचे ठिपके मांडवातून खाली येत होते. बाबा पुढे झाले, त्यांनी कानावर हात ठेवला आणि गौळण सुरू केली. आवाज थोडा थकला होता, वरच्या जागी ते जपून जात होते. घागर फुटली. लोणी गेलं. वासरं सुटली. माझी मांडी रिकामी, हात रिकामे, आणि मी सवयीनं धाकटीला थोपटावं तशी गुडघ्यावर हात आपटत होते. कुणीही रडलं नाही. कुणालाही कुठे जायचं नव्हतं. बाबांनी श्वास घेतला आणि चौथं कडवं आलं.

मला वाटलं होतं यशोदा कृष्णाला रागावेल, नाही तर गौळणींना. तसं काहीच नाही. ती म्हणते, बायांनो, मी दिवसभर कामात, माझं लेकरू काय करतं ते मला कुठे दिसतं? तुमच्या गाऱ्हाण्यातच मला ते दिसतं. उद्या या, परवा या, पण गाऱ्हाणं आणल्यावाचून येऊ नका.

बाबांनी ते शेवटचं तीनदा घोळवलं. आबांचा पखवाज खालून घुमत राहिला. मी रडत होते आणि हसत होते, आणि शेजारची अनोळखी बाई माझा हात धरून बसली होती, का ते तिलाही ठाऊक नसावं. असा आनंद मला त्यानंतर फार थोड्या वेळा झाला.

हंडी फुटली, काला झाला. आबांनी पखवाजावरची कणीक खरवडून मधल्याच्या स्वाधीन केली. दह्यानं माखलेली तीन पोरं घेऊन मी दिवेलागणीच्या आत घरी पोहोचले. हे नुकतेच कामावरून आले होते. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं, "मग? मिळालं का शेवटचं कडवं?"

"मिळालं," मी म्हटलं, "ऐका." आणि मी सांगायला लागले, थोरलीनं भर मांडवात माझी कशी अब्रू घेतली, मधल्यानं बैलासाठी कसा गळा काढला, पुढे पखवाजापुढे कसा पाटलासारखा बसला, धाकटीनं आंब्याखाली मावशींच्या नव्या लुगड्याचं काय केलं. चहा निवून गेला. ह्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि शेवटी हात वर केला.

"अगं हो, पण ते कडवं?"

"तेच तर सांगतेय," मी म्हटलं.