दोन निळे आणि खिशातलं कार्ड

त्या एप्रिलमध्ये आमच्या नंदनवनच्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागे. खिडक्यांना जाड पडदे, दाराशी कूलर, आणि त्याच्या घरघरीत सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं गार आणि अंधारं. पुढच्या खोलीत मी संगणकावर काम करत बसायची. लग्नपत्रिका, औषधांच्या खोक्यांवरची लेबलं, शाळांची माहितीपत्रकं हा माझा रोजचा धंदा. आतल्या खोलीत बाबा पडलेले असत. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धंतोलीतल्या दवाखान्यात नुकतंच झालं होतं. डावा डोळा पुढे कधीतरी करायचा होता.

त्याच दिवसांत माझी कॉलेजातली मैत्रीण आली. ती नाटकांची प्रकाशयोजना करते. गावोगावच्या मंडपवाल्यांकडे स्टेजवरचे दिवे लावणाऱ्या लोकांसाठी ती शिबिरंही घेते.

"एक कार्ड करून दे मले," ती म्हणाली. "शर्टाच्या खिशात मावेल एवढं. ही पोरं शिडीवर चढून मले फोन करतात. कोणत्या नंबरचा कागद लावू, दिवा किती तिरपा ठेवू, लाल प्रकाशात हिरवी साडी काळी काहून दिसून राहिली. तेच ते प्रश्न."

कागद म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक जिलेटीनचा कागद. प्रत्येक रंगाला नंबर असतो. तिने नंबरांची यादी दिली आणि दिवे कुठून कसे टाकायचे याची चित्रं काढून दाखवली. मी आनंदाने कामाला लागले. रोजच्या गणपतीच्या चित्रांतून आणि सोनेरी वेलबुट्टीतून सुटका होती.

पहिलं कार्ड मी फार प्रेमाने केलं. निळी शीर्षकं, लाल अक्षरांत धोक्याच्या सूचना, प्रत्येक नंबरासमोर त्या-त्या रंगाचा छोटा चौकोन. हातात धरलं की मिठाईच्या डब्यासारखं दिसायचं. तालीम चालू असताना एका दुपारी मी ते घेऊन नाट्यगृहात गेले. प्रेक्षागृहाच्या मागे, काचेपलीकडे, दिव्यांची बटणं असलेली एक अरुंद खोली असते. बाहेर उजेड सांडू नये म्हणून तिथे फक्त एक निळा बल्ब जळत होता. मैत्रिणीने कार्ड त्याच्याखाली धरलं आणि माझ्याकडे दिलं.

शीर्षकं नव्हती. निळ्या उजेडात पांढरा कागद निळा झाला होता आणि निळी अक्षरं त्यात विरघळून गेली होती. रंगांचे चौकोन काळे आणि राखाडी, एकासारखा एक.

"सुंदर आहे वं," ती म्हणाली, "पण इथं दिसूनच नाही राहिलं काही."

घरी आल्यावर मी कोठीच्या खोलीतला बल्ब काढून तिथे निळा झिरोचा बल्ब लावला. दार लावून, गव्हाच्या कोठीवर कागद पसरून मी एकेक नमुना बघत होते, तेवढ्यात बाबांनी दार ढकललं.

"काय करून राहिली वं अंधारात?"

मी सांगितलं. ते आत आले. डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला, बल्बकडे पाहिलं. मग तळहाताने एक डोळा झाकला, दुसरा झाकला, पुन्हा पहिला.

"इथं दोन बल्ब आहेत का?"

"एकच आहे, बाबा."

"मग हे कसं? या डोळ्याले निळा दिसते. असा निळा मी किती वर्षांत पाहिला नाही. आन् या डोळ्याले राखेसारखा."

नवीन भिंग बसलेला डोळा आणि जुना डोळा, दोघांना वेगवेगळं दिसत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोतीबिंदूच्या डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडत जातं आणि माणसाच्या ते लक्षातही येत नाही. मी ऐकून सोडून दिलं होतं. त्या कोठीत बाबांनी पुन्हा पुन्हा डोळे झाकले-उघडले, तेव्हा मला ते कळलं.

त्यानंतर ते रोज दुपारी कोठीत यायचे. मी नमुना छापायची, ते निळ्या उजेडात वाचायचे. एकदा चुकून एक ओळ पिवळ्या रंगात छापली गेली होती. दिवसाच्या उजेडात ती दिसतही नव्हती. कोठीत नेली तर काळी कुळकुळीत होऊन उभी राहिली. "गरम दिव्याले उघड्या हातानं शिवू नका," बाबांनी मोठ्याने वाचलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. दार उघडलं की ती नाहीशी व्हायची. बाबांनी उगाचच ते दार उघड-बंद केलं.

शेवटी मी सगळे रंग काढून टाकले. पांढऱ्या कार्डावर ठसठशीत काळी अक्षरं तेवढी ठेवली. पण मग रंग कसा सांगायचा हा प्रश्न उरला. नुसत्या नंबरावरून नव्या माणसाला काय कळणार? ‘फिका निळा’ असं लिहावं, तर असे फिके निळे कितीतरी.

"काकांना घेऊन ये," कोठीतली गंमत ऐकून मैत्रीण म्हणाली. "त्यांच्यासारखं बघणारा दुसरा कोण आहे सध्या? मी एकेक रंग लावते. त्यांना काय आठवतं ते त्यांनी सांगायचं."

ती दुपार मला अजून नीट आठवते आणि तरी कधी कधी वाटतं, स्वप्नात पाहिली असेल. बाहेर रस्त्यावर ऊन नुसतं पेटलं होतं. आत रिकामं प्रेक्षागृह, गार, काळोखं. बाबा मधल्या रांगेत काळा चष्मा खिशात ठेवून बसले. मी शेजारी पेन घेऊन. रंगमंचावर मागे टांगलेल्या मोठ्या पांढऱ्या पडद्यावर मैत्रीण मागच्या खोलीतून, काच सरकवून, एकेक रंग सोडत होती. रंग हळूच उगवायचा, पडदाभर पसरायचा, थांबायचा.

"वरणावरचं पाणी," बाबा म्हणाले. मी नंबर लिहून त्यापुढे तेच लिहिलं.

हिरवट एक रंग आला. "कूलरच्या टाकीतलं."

मग गुलाबी. "फोडलेला पेरू."

मग एक फिका, धातूसारखा निळा. बाबांनी जुना डोळा झाकला. "स्टीलच्या डब्याचं झाकण. गच्चीवर नेऊन धरलं तर."

एकेका रंगात खुर्च्यांच्या पाठी बदलत होत्या, माझा हात बदलत होता. पेनची शाई कधी दिसायची, कधी नाही. किती रंग झाले ते मी विसरून गेले. मग पडद्यावर एक मंद, कोवळा पिवळा आला, आणि बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"काका?" मागून मैत्रिणीने विचारलं.

"हा राहू दे जरा."

त्यांनी नवा डोळा झाकला. उघडला. मग जुना झाकला. पडद्याकडे बघत ते मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढं ढकलून राहिल्या असं मी तुले सांगितलं ना? त्या नाही ढकलत. मीच ढकलून राहिलो."

"काहून, बाबा?"

"या जुन्या डोळ्यानं घर तुह्या आईच्या वेळचं दिसते. संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहे तेव्हा भिंत अशी दिसे. नवीन डोळ्यानं ती भिंत पांढरीफट्ट आहे. अनोळखी आहे. सकाळी मी तो नवीन डोळा झाकून स्वयंपाकघरात जातो. हा जुनाही केला म्हणजे ते गेलं."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ओट्यापाशी एका डोळ्यावर हात धरून उभे असलेले बाबा मी पाहिले होते. मला वाटलं, औषध झोंबत असेल. मी त्यांचा हात धरला. हातावरही तो कोवळा पिवळा पडला होता.

रिकाम्या नाट्यगृहात हळू बोललेलंही मागच्या खोलीपर्यंत जातं. थोड्या वेळाने मैत्रीण कात्री आणि कागदाची एक सुरळी घेऊन रांगेत आली. तिने त्या पिवळ्या जिलेटीनचा तळहाताएवढा तुकडा कापला आणि बाबांना दिला.

"नवीन डोळ्यापुढं धरून बघा, काका."

तिने प्रेक्षागृहातले साधे दिवे लावले. बाबांनी तुकडा नव्या डोळ्यापुढे धरला. खुर्च्या, भिंती, छत, मी. मग तुकडा खाली करून जुन्या डोळ्याने तेच सगळं. पुन्हा तुकडा.

"हेच आहे," ते म्हणाले. "बाप्पा, अगदी हेच आहे." मग नाक पुसून, ऑफिसात विचारत असतील तशा आवाजात, "हे धुता येते का?"

"ओल्या फडक्यानं पुसा फक्त," ती म्हणाली. "अन् चुरगळला तर दुसरा देईन."

पुढच्याच आठवड्यात बाबांनी स्वतः धंतोलीच्या दवाखान्यात फोन करून तारीख घेतली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्या संध्याकाळी ते तुकडा घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी बाहेरच थांबले. बरेच दिवस ते संध्याकाळी असं करत. मग मध्ये दिवस जाऊ लागले. तुकडा चष्म्याच्या डबीत असायचा, अजूनही असतो.

कार्ड पावसाळा संपताना छापून झालं. कोपरे गोल, वर लॅमिनेशन. एका बाजूला दिवे कुठून टाकायचे याची चित्रं, दुसऱ्या बाजूला नंबर आणि त्यांपुढे बाबांचे शब्द. मैत्रिणीने शिबिरात ते वाटलं तेव्हा बाबांना आणि मला बोलावलं होतं. सगळे दिवे मालवून तिने फक्त निळा बल्ब ठेवला आणि वाचायला सांगितलं. खिशांतून कार्डं निघाली. अंधारात एकेक जण वाचू लागला, आणि पेरू आला तसे सगळे हसले. मग ते शिडीवर चढले, कागद लावू लागले. खालून कोणीतरी ओरडत होतं, "अरे, वरणाचा लाव गा, वरणाचा!"

मी मागे उभी होते. बाबा मधल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून बसले होते. बघता बघता त्यांचा डोळा लागला. शिडीवरचा माणूस कागद बदलून बघत दिवा वळवत होता आणि उजेड चुकून रांगांवरून फिरत होता. तो त्यांच्या शर्टावर आला, हिरवट झाला, गुलाबी झाला, कपाळावर चढला आणि पुढे गेला. मी त्यांना उठवलं नाही. चहा आला तेव्हा ते आपणहूनच उठले.