हराळी लावणारी बाई

माती चिमटीत धरायची, जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. मग समोर मालक असोत की तपासणीचे साहेब, निकाल ठरलेला. "ह्यात? ह्यात तर शिव्याबी उगवायच्या न्हाईत."

वैराग रस्त्यानं गेला असाल तर उजव्या हाताचा तो अर्धा खाल्लेला माळ तुम्ही पाहिला असेल. खाल्ला आमच्याच मालकांनी, खडीसाठी. खाण बंद करताना तिथं झाडं लावायची आणि उतार धुपू द्यायचा नाही, अशी अट होती. ती पाळल्यासारखं दाखवायला मला सुपरवायझर नेमलं. माझी पात्रता म्हणजे मोटारसायकल आणि बरं अक्षर. मी भवानी पेठेत वाढलेला. आमच्या कुंडीतली तुळससुद्धा आईच्या भरवशावर जगलेली.

पहिल्या दिवशी आम्ही काय लावलं असेल? फलक. 'हरित खाण'. मग गुलमोहराची रोपं आली, फोटोवाला आला, पेढे आले. पाण्याचा टँकर तेवढा यायचा राहिला.

खाणीतून उपसलेला मुरूम आणि दगडाची भुकटी यांचा एक मोठा ढीग होता. त्याच्या पायथ्याशी त्या माती चाखणाऱ्या बाईची वस्ती. सात-आठ घरं आणि पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. ढीग घसरला की थेट विहिरीत जाणार. म्हणून ती आमच्याकडे मजुरीला आली. आमच्यावर विश्वास होता असं मुळीच समजू नका.

माझं पिवळं हेल्मेट बघून म्हणाली, "वरून काय पडणार हाय रं? आभाळ?" तेव्हापासून माझं नाव टोपडं. मालकांसमोरही, "ए टोपडं, हिकडं ये."

झाडांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. उतारावर आडवे दगड रचले, ओळीवर ओळ, वेड्यावाकड्या. मग कुणाच्या तरी बांधावरून पोतंभर हराळी आणली आणि दगडांच्या वरच्या अंगाला तिच्या मुळ्या पुरू लागली. मजूर बायकांनी कपाळावर हात मारले. सगळ्या शेतकऱ्यांच्या घरच्या. हराळी उपटता उपटता त्यांचं आयुष्य गेलेलं.

"मावशे, हराळी कुनी लावतं व्हय?"

"तुज्या बापाला आजून उपटली न्हाय ती. पावसाला काय उपटंल?"

दोन वर्षांत ढीग हिरवा झाला. पावसाळ्यात ती विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन यायची आणि माझ्या नाकासमोर तिरकी करायची. "दिसतोय का तळ? का टोपडं डोळ्यावर आलंय?" तळ लख्ख दिसायचा. एकदा माझा डबा राहिला घरी, तर अर्धी भाकरी आणि ठेचा हातावर ठेवून म्हणाली, "खा. खाऊन बोर्ड रंगव जा." त्या ठेच्याची चव मला अजून आठवते.

मग तपासणीची तारीख आली. ती नेमकी लेकीच्या बाळंतपणाला केमला गेलेली. मी उतारावर नजर टाकली तर गुलमोहर दिसेचनात. पाण्यावाचून खुरटलेले, हराळीत बुडालेले. साहेबांना काय, गवत दाखवायचं? खुरपलेलं रान म्हणजे राखलेलं रान, एवढी शेती मलाही ऐकून माहीत होती. मी बायकांच्या हातात खुरपी दिली.

एकजण म्हणाली, "मावशीला इचारलंय का?"

"सुपरवायझर कोण आहे? मावशी की मी?"

मग काय! जन्मभराचं वैर होतं. बायकांनी हराळी मुळापासून खणून काढली, ढीग करून पेटवली. दगडांच्या वाकड्या ओळी मला खटकत होत्या. तेही दगड उचलले, चुना-गेरूनं रंगवले आणि प्रत्येक रोपाभोवती गोल मांडले. साहेब गाडीतून उतरले आणि म्हणाले, "वा! किती स्वच्छ!" सही झाली, फोटो झाला. इतका मूर्ख माणूस फोटोत इतका रुबाबदार दिसतो हे मला तेव्हा कळलं. साहेबांबद्दल बोलत नाही मी.

आठवड्यानं परतीचा पाऊस आला. एका दुपारचा, फार तर दोन तासांचा. ढिगाची अर्धी बाजू गुलमोहरांसकट आणि रंगीत दगडांसकट खाली आली. विहीर काठापर्यंत राखाडी चिखलानं भरली.

ती केमहून परतली तेव्हा मी विहिरीपाशीच उभा होतो. तिच्या हातात रिकामी कळशी. तिनं विहिरीत पाहिलं, वर उताराकडे पाहिलं. मी हेल्मेट काढलं. "मावशी, चुकलं माझं. शिव्या द्या मला." मनापासून म्हणालो. त्या शिव्या मला हव्या होत्या.

तिनं कळशी काठावर ठेवली. माती चिमटीत धरली नाही, थुंकली नाही.

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "तुमी शिकलेली मानसं. तुमाला बराबर वाटलं आसंल."

साहेब! दोन वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

पाण्यावाचून वस्ती उठली. ती लेकीकडे केमला गेली, ती गेलीच. हरित खाणीचं प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर चौकटीत आहे.

रविवारी मी पोतंभर हराळी घेऊन त्या उतारावर जातो. दगड आडवे लावतो, वेडेवाकडे. चिमटीभर भुकटी जिभेवर ठेवून थुंकतो आणि मुळ्या पुरायला बसतो. हेल्मेट मुद्दाम डोक्यावर ठेवतो. खालून कोणी टोपडं म्हणून हाक मारत नाही.