कॅम्पातून दिलेलं मत

शुक्रवारची जेवणं उरकली की दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कामगारांच्या कॅम्पात, दत्तारामच्या खोलीत, त्याच्या गावची सभा भरायची. सभा म्हणजे गावचे आठ-नऊ जण, पलंगांवर दाटीवाटीनं बसलेले. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ह्यांच्या पैशांतून झाला होता. तेव्हापासून इथे ठरवायचं, फोनवर कळवायचं आणि कोकणात तसंच व्हायचं, असा रिवाज पडून गेला होता.

सुतारकाम करणाऱ्या दत्तारामला इथे मान होता तो बायकोमुळे. आशा महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली होती.

२००१च्या मार्चमध्ये विहिरीचा प्रश्न आला. सरकारी योजनेतली एकच विहीर, देवळाजवळ खणायची की वरच्या वाडीत? पंचायतीत तिघं इकडे, तिघं तिकडे. सातवी आशा.

"देवळाजवळच," सगळ्यांत थोरले भिवाकाका म्हणाले. "दत्ताराम, सांग सूनबाईला. खलास!"

"सांगायचं काय त्यात? दिला शब्द."

"मेंबरीणबाई ऐकतात ना पण तुझं?" नागेशनं चिमटा काढला. खोली हसली.

दत्ताराम तडक फोन बूथवर गेला.

"अहो, वरच्या वाडीतल्या बायका अर्धा डोंगर उतरून पाणी नेतात," आशा म्हणाली. "त्यांनीच मला निवडून दिलंय."

"उभी कोणी केली तुला?"

"तुम्ही. पण सभेत हात मला वर करायचाय."

"मी शब्द देऊन बसलोय. चारचौघांत नाक कापतेस माझं?"

मग ती म्हणाली, "करते वर हात. पण त्यानंतर पंचायतीची पायरी चढणार नाही."

राग आहे, उतरेल, असं त्यानं धरलं.

विहीर देवळाजवळ मंजूर झाली. आशानं दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला.

"मागे घे तो," दत्ताराम फोनवर ओरडला.

"ममता दारावरून गेली," ती म्हणाली. वरच्या वाडीतली ममता आशाच्या प्रचाराला घरोघर फिरली होती. "हाक मारली मी. वळलीसुद्धा नाही." आणि तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी दत्तारामनं मान खाली घालून राजीनाम्याचं सांगितलं. भिवाकाका पलीकडे बसलेल्या किसनकडे वळले.

"मग आता त्या जागेवर कोणाला उभी करायची? किसन, तुझी बायको शिकलेली आहे ना?"

"सातवी पास, काका. सांगतो तिला."

"यल्ला, चला, ठरलं तर मग!"

दत्ताराम एकदम म्हणाला, "किसन, आधी विचार रे तिला."

ही थट्टाच वाटून सगळे खो-खो हसले. किसनसुद्धा.